बँकेवर प्रशासक बसलाय, लायसन्स गेलं तर पुढे कायद्याने काय होतं? जाणकारांनी सांगा

बोरीकाठ:

नमस्कार मंडळी, मी अमळनेर भागातला. आमच्याकडच्या एका सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध टाकलेत, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण प्रकरण चालू आहे. संचालक मंडळ बरखास्त झालं, प्रशासक येऊन बसलाय आणि आता चहाच्या टपरीपासून मार्केट यार्डापर्यंत एकच विषय, लायसन्स जाणार म्हणून. वडील शिक्षक होते, रिटायरमेंटचे पैसे तिथेच एफडीत टाकले, आईच्या नावाने वेगळी एफडी आहे आणि दोघांचं एक जॉइंट सेव्हिंग, सगळं मिळून आठ लाखाच्या वर जातं. वडिलांना रात्री झोप नाही, रोज पेपर उघडून तीच बातमी शोधतात.

दुसरं म्हणजे काकांचं त्याच बँकेत कपाशीच्या धंद्याचं सीसी (कॅश क्रेडिट) कर्ज आहे, ते म्हणतात बँकच बुडाली तर आता हप्ता कोणाला आणि कशाला भरायचा. आणि गावच्या पतसंस्थेने पण मोठी रक्कम तिथेच ठेवून दिलेली आहे, त्यात अर्ध्या गावाचे पैसे.

मला एवढंच समजून घ्यायचंय की प्रशासक आणि अवसायक यात फरक काय, बँकेच्या चाव्या कायद्याने कधी कोणाच्या हातात जातात, कोर्ट यात येतं का, आणि ठेवींवरचा पाच लाखाचा विमा लायसन्स गेल्यावरच भेटतो का आधी पण? ब्रँचमध्ये विचारलं तर वरून ऑर्डर नाही एवढंच सांगून राहिले.

केळीवाला_रावेर:

भाऊ, आमच्या पाहुण्यांचे असेच अडकले होते. निर्बंध, मग मुदतवाढ, मग परत मुदतवाढ असं करत करत कित्येक वर्ष गेली आणि शेवटी लायसन्स रद्द झालं तेव्हा कुठे विम्याचे एक लाख हातात पडले, तेवढ्यात घरातलं एक लग्न कर्ज काढून करावं लागलं. लायसन्स जाईपर्यंत एक रुपया येत नाही, वडिलांना आत्ताच सांगून ठेवा म्हणजे नंतर धक्का बसणार नाही.

सहकार_निवृत्त:

केळीवाले दादा, तुम्ही सांगता ते खरं आहे पण ते जुन्या कायद्याचं आहे, आता तसं राहिलं नाही, त्यामुळे बोरीकाठ भाऊंच्या वडिलांना घाबरवू नका. मी सहकार खात्यात नोकरी केली, अवसायनात गेलेल्या संस्थांची दप्तरं हातातून गेलीत, जमेल तसं सांगतो. लांब होईल पण वाचा.

आधी हे लक्षात घ्या की नागरी सहकारी बँकेवर दोन कायदे चालतात. संस्था म्हणून तिची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली, म्हणजे सहकार आयुक्त आणि निबंधक पुण्याचे, खाली आपले जिल्हा उपनिबंधक. आणि बँकिंग करायचं लायसन्स बँकिंग रेग्युलेशन ॲक्ट १९४९ खाली रिझर्व्ह बँकेचं, तो कायदा सहकारी बँकांना १ मार्च १९६६ पासून लागू झाला. जन्म एकाकडे नोंदलेला आणि धंद्याचा परवाना दुसऱ्याकडचा, म्हणून बंद करताना पण दोघांचे कागद लागतात. लोकांचा गोंधळ सगळा इथेच होतो. (बँक मल्टिस्टेट असेल तर पुण्याच्या जागी दिल्लीचे केंद्रीय निबंधक आणि २००२ चा कायदा, बाकी गाडी तशीच चालते.)

आता तुमची बँक सध्या ज्या पायरीवर आहे ती बँकिंग कायद्याच्या कलम ३५ अ ची. यात बँक बंद झालेली नसते, लायसन्स जिवंत असतं, फक्त नवीन ठेव घेऊ नका, नवीन कर्ज देऊ नका, खातेदाराला अमुक रकमेच्या वर देऊ नका असे आदेश असतात, बहुतेक सहा महिन्यांसाठी आणि मग पुढे वाढवत नेतात. प्रशासक हा याच काळातला माणूस. त्याचं काम बँक चालवायची, वसुली करायची, जमलं तर वाचवायची किंवा दुसऱ्या बँकेत विलीन व्हायला तयार करायची. पूर्वी रिझर्व्ह बँकेने निबंधकाला सांगायचं आणि निबंधकाने सहकार कायद्याच्या कलम ११० अ खाली मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमायचा, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. २०२० मध्ये बँकिंग कायद्यात दुरुस्ती झाली, नागरी बँकांना ती २९ जून २०२० पासून लागू आहे, तेव्हापासून रिझर्व्ह बँक स्वतः मंडळ बाजूला करू शकते, राज्य सरकारचं म्हणणं मागवते एवढंच. मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तो धक्का हे त्या दुरुस्तीमागचं मोठं कारण.

अवसायक म्हणजे लिक्विडेटर, तो फार वेगळा. तो बँक चालवायला येत नाही, ती मोडून वाटायला येतो. रिझर्व्ह बँक बँकिंग कायद्याच्या कलम २२ खाली लायसन्स रद्द करते, त्या दिवसाचं कामकाज संपलं की ठेवी घेणं आणि परत देणं दोन्ही बंद, आणि त्याच वेळी सहकार आयुक्तांना कळवते की ही बँक अवसायनात काढा आणि अवसायक नेमा. विमा उतरवलेली बँक निबंधकाला आपल्या मनाने अवसायनात काढता येत नाही, रिझर्व्ह बँकेची लेखी मंजुरी लागते, आणि उलट रिझर्व्ह बँकेने तशी मागणी केली तर निबंधकाला ऑर्डर काढावीच लागते, त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. अशा ऑर्डरवर सहकार कायद्यातलं अपील पण नाही. लायसन्स रद्द केल्यावर मात्र बँकेला तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारकडे अपील करता येतं.

कोर्टाचं विचारलंत तर यात दिवाणी कोर्ट कुठेच येत नाही. २०१६ चा जो दिवाळखोरी कायदा आहे, ज्यात कंपन्या एनसीएलटीत (कंपन्यांच्या न्यायाधिकरणात) जातात, तो बँकांना लागतच नाही. हायकोर्टात रिट होऊ शकते ती गोष्ट वेगळी.

आणि विम्याचं. ४ फेब्रुवारी २०२० पासून विमा एक लाखाचा पाच लाख झाला. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ठेव विमा कायद्यातली २०२१ ची दुरुस्ती, कलम १८ अ, १ सप्टेंबर २०२१ पासून लागू. पैसे काढण्यावर निर्बंध आले त्या दिवसापासून मोजायचं, ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी ठेव विमा महामंडळाला (डीआयसीजीसी, एलआयसी नव्हे) द्यायची, पुढच्या ३० दिवसांत त्यांनी तपासायची, पुढच्या १५ दिवसांत पैसे द्यायचे, म्हणजे नव्वदाव्या दिवसापर्यंत. लायसन्स राहो की जावो. बँक कुणात विलीन करायचं चाललं असेल तर रिझर्व्ह बँक ही मुदत अजून जास्तीत जास्त नव्वद दिवस पुढे ढकलू शकते. केळीवाले दादांच्या पाहुण्यांना हे कलम असतं तर त्यांचं लग्नाचं कर्ज वाचलं असतं, हे लिहिताना आजही जीव तुटतो, कारण असे लोक मी ऑफिसच्या पायरीवर बसलेले पाहिलेत.

केळीवाला_रावेर:

साहेब हे नव्वद दिवसांचं खरंच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे अजून कित्येक लोक जुनंच धरून बसलेत, हे गावच्या ग्रुपवर टाकतो.

बँकेत_होतो_भुसावळ:

मी सहकारी बँकेतच होतो, ठेव विम्याच्या याद्या बनवल्यात, म्हणून बोरीकाठ भाऊंच्या हिशोबाचं सांगतो.

पाच लाख हे खात्याला नाही, माणसाला, आणि तो ज्या नात्याने खातं धरतो त्या नात्याला. वडिलांच्या एकट्याच्या नावावरच्या सगळ्या एफडी, सेव्हिंग, सगळ्या शाखांमधलं, एकत्र धरून पाच लाखापर्यंत. आईचं एकटीचं वेगळं, त्याला वेगळे पाच लाख. दोघांचं जॉइंट तिसरं, त्याला परत वेगळं. त्यामुळे तुमचे आठ लाख असे तीन ठिकाणी विभागलेले असतील आणि एकाही ठिकाणी पाचच्या वर नसेल तर सगळेच विम्यात बसतात, वडिलांना हे आधी सांगा म्हणजे झोप लागेल. नावांचा क्रम उलटा असलेलं दुसरं जॉइंट खातं पण वेगळं धरतात, पण तेच दोघं त्याच क्रमाने दहा खाती उघडून बसले तर सगळं एकच.

व्याज पण पाच लाखातच येतं. मुद्दल चार लाख ऐंशी हजार आणि व्याज पंधरा हजार झालं असेल तर पूर्ण चार लाख पंच्याण्णव भेटतात, पण मुद्दलच पाच लाख असेल तर वरचं व्याज विम्यात नाही. दुकानदार मंडळी इथे फसतात, कारण प्रोप्रायटरी फर्मचं करंट खातं आणि मालकाचं स्वतःचं सेव्हिंग हे एकच माणूस धरतात. पार्टनरशिप फर्म मात्र वेगळी.

आता काका. विम्याची रक्कम काढताना ठेवीदाराकडे बँकेचं जे येणं असेल ते वजा करूनच देतात. काकांची तिथे ठेव असेल आणि सीसी थकलं असेल तर आधी ते कापलं जाणार. ठेव नसेल तरी कर्ज माफ होत नाही, उलट अवसायकाचं पहिलं काम कर्जवसुलीच असतं. आणि कर्ज घेताना जे शेअर्स कापले होते त्याची आशा धरू नका, भागधारक रांगेत सगळ्यात शेवटी असतो आणि शेअरला विमा नाही.

धुळे_कोर्ट:

वकिली करतो. वरच्या दोघांनी छान सांगितलंय, काकांच्या मुद्द्यावर थोडं कडक बोलतो कारण हा गैरसमज आमच्या भागात फार महाग पडलाय. कर्जदार असं समजतात की बँक गेली म्हणजे फाईल गेली. अवसायकाला सहकार कायद्याखाली वसुली दाखला घेता येतो, कलम १०१ खाली, आणि तो घेऊन वसुली अधिकारी जप्ती करतो. गहाण मालमत्ता असेल तर सरफेसी (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकायचा कायदा) पण आहे, सहकारी बँका सरफेसी वापरू शकतात हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी ५ मे २०२० ला कायमचं सांगून टाकलंय. व्याज चालू राहतं, जिनिंगवर किंवा घरावर बोजा तसाच राहतो. काकांनी हप्ते भरत राहावं, पावती सांभाळावी, आणि एकरकमी परतफेडीची योजना निघाली तर तिचा अर्ज लेखी करावा.

ठेवीदारांना पण एक सांगतो. अवसायनाची ऑर्डर झाली की कलम १०७ आहे, निबंधकाच्या परवानगीशिवाय बँकेवर दावा चालत नाही. त्यामुळे पाच लाखाच्या वर अडकलेल्यांनी प्रत्येकाने वेगळा वकील लावून पैसे घालवू नयेत, अवसायकाकडे मुदतीत लेखी दावा नोंदवणं हेच मुख्य. वरच्या रकमेचं खरं सांगायचं तर ते वसुलीवर अवलंबून आहे, आणि वसुलीतून अवसायनाचा खर्च गेल्यावर विमा महामंडळाने जे पैसे ठेवीदारांना दिले त्याची परतफेड पण त्यातूनच होते, म्हणून मोठ्या ठेवीदाराला थांबावंच लागतं.

संचालकांचं कुणी विचारलं नाही पण लिहितो. सहकार कायद्याच्या कलम ८८ ची चौकशी लागली आणि गैरव्यवहाराने नुकसान झालं असं ठरलं तर ते व्यक्तिशः वसूल करता येतं. ठेवीदारांनी गट करून हा मुद्दा लावून धरला पाहिजे, नाहीतर फाईल वर्षानुवर्षं पडून राहते. मी यात ठेवीदारांच्या बाजूने उभा राहतो आणि उभा राहत राहीन.

न्यूजर्सीत_खान्देशी:

मूळचा शिरपूरचा, इकडे अमेरिकेत बँकेच्या आयटीत काम करतो म्हणून इकडचा कायदा थोडाफार माहिती आहे, तुलना केली तर आपल्याकडे नेमकं कुठे अडतं ते दिसतं.

इकडे पण दोन मालकांची भानगड आहे. काही बँकांना केंद्राचा परवाना असतो आणि बऱ्याचशा बँका राज्याच्या परवान्याच्या, त्यांना स्टेट बँक म्हणतात, आपल्या एसबीआयशी संबंध नाही. राज्याच्या परवान्याची बँक बुडीत निघाली की त्या राज्याचा बँकिंग अधिकारी ती ताब्यात घेतो आणि रिसीव्हर म्हणून, म्हणजे आपल्या अवसायकासारखा, एफडीआयसीला नेमतो, जी इकडची ठेव विमा संस्था. म्हणजे विमा देणारा आणि बँक मोडून वाटणारा एकच. बहुतेक ठिकाणी अधिकाऱ्याच्या ऑर्डरने होतं, आयोवासारख्या राज्यात कोर्टामार्फत नेमणूक होते. आणि राज्याने हालचालच केली नाही तर ठरावीक कारणांवरून एफडीआयसी स्वतःच स्वतःला रिसीव्हर नेमू शकते, ही ताकद तिला १९९१ च्या कायद्याने दिली. त्याच कायद्यात असं पण आहे की बँकेचं भांडवल दोन टक्क्यांवर आलं की साधारण नव्वद दिवसांत रिसीव्हर नेमा नाहीतर दुसरी काय कारवाई केली ते कारणासहित लिहा. तिथे मुदतवाढ देत बसायला जागा फार कमी.

सिलिकॉन व्हॅली बँक ही कॅलिफोर्नियाच्या परवान्याची, १० मार्च २०२३ ला शुक्रवारी तिथल्या राज्य खात्याने बंद केली, त्याच दिवशी एफडीआयसी रिसीव्हर, आणि सोमवारी सकाळी ठेवीदारांना पैसे खुले. विमा अडीच लाख डॉलरचाच आहे, वरच्या ठेवी त्या वेळी खास अपवाद करून वाचवल्या, नेहमी तसं होत नाही. १९९३ पासून रांगेत ठेवीदार बाकीच्या साध्या घेणेकऱ्यांच्या पुढे असतात हे पण चांगलं.

आपल्याकडे पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि लायसन्स २०२२ मध्ये गेलं. मधली नऊ वर्षं पगार, भाडं, खर्च चालू, कर्जं म्हातारी होत गेली, तारण विकायला निघेपर्यंत त्याची किंमत राहिली नाही. माझं ठाम मत आहे की ठेवीदाराचा पैसा बँक बुडाली त्या दिवशी जितका जातो त्याहून जास्त नंतरच्या वाट बघण्यात जातो.

सहकार_निवृत्त:

शिरपूरकर, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, नोकरीत असताना हेच तोंडाने सांगत होतो. थोडं बदलतंय, रिझर्व्ह बँकेची नागरी बँकांसाठीची पीसीए (वेळीच सुधारणा कारवाई) चौकट १ एप्रिल २०२५ पासून लागू झालीय, भांडवल, तोटा, एनपीए (थकीत कर्जं) बघून आधीच लगाम घालायची, पण अगदी छोट्या टियर एकच्या बँका तिच्या बाहेर ठेवल्यात, आणि आपल्या तालुक्यांमधल्या बऱ्याच बँका त्याच आकाराच्या. तिथे जास्त लक्ष द्यायला हवं असं मला वाटतं.

चांगलं उदाहरण पण आहे. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ ला निर्बंध आले आणि ४ ऑगस्ट २०२५ ला ती सारस्वत बँकेत विलीन पण झाली, सहा महिन्यांच्या आत. २०२० च्या दुरुस्तीनंतर बँकिंग कायद्याचं कलम ४५ सहकारी बँकांना लागू झाल्यामुळे विलीनीकरणाचा हा रस्ता सोपा झालाय. विलीनीकरण झालं की पाच लाखाचा प्रश्नच उरत नाही, योजनेत जे लिहिलं असेल तसं सगळं भेटतं, म्हणून प्रशासकाच्या काळात ठेवीदारांनी निवेदनं द्यायची ती विलीनीकरणासाठी द्यावीत.

पतसंस्था_चोपडा:

पतसंस्थेचं कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, मॅनेजर आहे. गावच्या पतसंस्थेने त्या बँकेत कितीही ठेवले असले तरी ती एक ठेवीदार, तिला एकदाच पाच लाख. आत गावच्या पाचशे माणसांचे पैसे आहेत हे विमा महामंडळ बघत नाही. आणि पतसंस्थेत तुमची जी ठेव आहे तिला विमाच नाही, कारण पतसंस्था बँक नव्हे. जळगाव जिल्ह्याला हे नव्याने सांगायला नको, किती घरं त्यात गेली सगळ्यांना माहितीय.

तुमच्या गावात लगेच एवढं करा, पतसंस्थेच्या संचालकांना विचारा की त्या बँकेत नेमके किती आहेत, ताळेबंदात ती रक्कम कशी दाखवलीय आणि तेवढी तरतूद केलीय का. विशेष सभेची लेखी मागणी करा. वरच्या रकमेचा दावा अवसायनाची ऑर्डर झाल्यावर पतसंस्थेनेच नोंदवायचा असतो, सभासदाने नाही.

बोरीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना खात्यांचा हिशोब मांडून दाखवला, वडिलांच्या नावावर चार लाख साठ, आईच्या अडीच आणि जॉइंटला एक लाख वीस, म्हणजे सगळं बसतंय, आज नीट जेवले. काकांना वकील साहेबांचं वाचून दाखवलं, ते आधी चिडले पण हप्ता भरायला तयार झालेत. एकच राहिलं, विम्यासाठी आम्ही काही द्यायचं असतं का ते आपोआप येतं? निर्बंध येऊन पंचवीस दिवस झालेत.

बँकेत_होतो_भुसावळ:

हाव, द्यायचं असतं आणि हेच लोक विसरतात. बँकेत संमतीचा (विलिंगनेस) फॉर्म असतो, विम्याची रक्कम घ्यायला तयार आहोत अशी सही, सोबत आधार, पॅन आणि दुसऱ्या चालू बँकेतला खाते क्रमांक, तो त्याच नावावरचा हवा. जॉइंटला दोघांच्या सह्या. पंचेचाळीस दिवसांच्या आत यादी जाते म्हणजे तुमच्या हातात जेमतेम वीस दिवस आहेत, त्यातले शेवटचे दिवस धरू नका, तेव्हा ब्रँचमध्ये पाय ठेवायला जागा नसते. वडिलांचं नाव बँकेत आणि आधारवर अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा, शिक्षक लोकांचं जुन्या खात्यात आडनाव आधी असतं आणि तिथेच क्लेम अडकतो. जुळत नसेल तर केवायसी आधी दुरुस्त करा. फॉर्म देताना झेरॉक्सवर तारखेसहित शिक्का मारून घ्या, आणि वरून ऑर्डर नाही म्हणाले तर थेट प्रशासकाच्या नावाने अर्ज लिहून त्यालाच जोडून आवक-जावकला द्या.